चौदाव्या दिवसापर्यंत

थुंकीच्या डबीवर लिहिलं होतं :
नाकान्दाकारी सेइतोकू, वय अडुसष्ट, नागो.
व्यवसायाच्या रकान्यात : सानशिन दुरुस्ती.
सानशिन म्हणजे तीन तारांचं वाद्य, सापाचं कातडं मढवलेलं.
हे तुम्हाला सांगते; आमच्या ओकिनावात
कुणाला सांगावं लागत नाही.

तांबडा रंग दिला, आच दिली, आम्लाने धुतलं.
बाकीच्यांनी रंग सोडला, यांनी नाही.
निळ्यावर तांबड्या काड्या,
काडेपेटी हातातून पडावी तशा.
क्षय, म्हणाला तोमोयोसे. नवीन आहे, सव्विशीतला.
क्षयाची चाचणी मात्र कोरी आली.
कूळ तेच, घर वेगळं.
हे मातीत राहतात, नळाच्या पोटात,
शॉवरच्या चाळणीला साय धरून,
आणि कुणाच्या वाटेला जात नाहीत
सहसा.

पाचव्या दिवशी बशीवर ठिपके.
क्षयाला इतकी घाई नसते.
यंत्राने प्रथिनांचा ठसा घेतला, नाव सांगितलं : अ‍ॅब्सेसस.
पण त्या घरात तीन भाऊ,
चेहरेपट्टी एक,
औषधापुढे वागणं निराळं.

मग शहाण्णव खळग्यांची पट्टी.
पहिल्यात औषध कडक, पुढे निम्मं, निम्म्याचं निम्मं,
ताकात पाणी वाढवत जावं तसं.
तिसऱ्या दिवशी वाचलं :
बिनऔषधाचा खळगा गढूळ,
क्लॅरिथ्रोमायसिनची ओळ नितळ.
डॉक्टर गुशिकेनचा फोन. लागू पडतंय ना?
आज पडतंय.
आज म्हणजे?
चौदाव्या दिवशी सांगते.
पलीकडे कागद चाळल्याचा आवाज.
माणूस खोकतोय, चिनेन-सान.

यांच्यात एक जनुक असतं, झोपलेलं.
औषधाने डिवचलं की हळूहळू जागं होतं
आणि औषध जिथे बसायचं
ती जागाच बुजवून टाकतं.
त्यात अठ्ठाविसाव्या जागी एक अक्षर.
टी असेल तर जाग येते, सी असेल तर नाही.
ध चा मा व्हावा, एवढंच अंतर.
ते अक्षर वाचून यायचं होतं तोक्योहून,
आणि विमानं बंद होती.

आठव्या रात्री वादळ बेटावर चढलं.
वीज गेली. जनरेटर दोनदा खोकला, मग लागला.
मी उबवणपेटीच्या काचेला तळवा लावून बसले.
आकडा तीसवरून एकोणतीस पूर्णांक चार.
पुन्हा तीस.
बाहेर ऊस आडवा होत होता, पत्रे उडत होते,
आणि मी जागत होते
जंतूंना थंडी वाजू नये म्हणून.
हसू आलं. मग नाही आलं.

चौदावा दिवस.
झाकण न काढता खालून आरशात पाहिलं.
सगळ्यात पातळ खळगा गढूळ.
त्याच्या अलीकडचा गढूळ.
अलीकडचा.
सगळ्यात कडक औषधाच्या तळाशीसुद्धा
तांदळाच्या धुवणासारखं काहीतरी
निवांत बसलेलं.

इमिपेनेमचा भरवसा नाही, ते पाण्यात आपणच विरतं.
अमिकासिनची ओळ नितळ,
पुन्हा पाहिली, नितळच.

मग काय उरतं, गुशिकेननी विचारलं.
अमिकासिन.
ते कानाला...
हो.
तुम्ही व्यवसायाचा रकाना वाचलात?
वाचायला कशाला हवा, ते म्हणाले,
माझ्या मुलीच्या सानशिनला कातडं त्यांनीच मढवलं.
तार लावताना डोळे मिटून घेतात.
फोन कुणी आधी ठेवला, आठवत नाही.

पट्टी ऑटोक्लेव्हमध्ये टाकली. एकशे एकवीस अंश.
तिथे कुठल्याच भावाचं काही चालत नाही.
तोमोयोसेने अहवालाचा कागद पुढे सरकवला.
एका औषधापुढे लिहिलं : प्रतिरोधी.
दुसऱ्यापुढे : संवेदनशील.
दोन्ही शब्द जंतूंविषयी आहेत.
माणसासाठी त्या कागदावर
नाव, वय, आणि तो एक रकाना.